न बसलेला घाव

हत्यारासाठी वापरायच्या पदार्थाकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या बहुधा एकमेकींच्या आड येतात. पहिली काठिण्य, म्हणजे दुसऱ्या धातूत शिरताना स्वतःवर खळगा वा ओरखडा पडू न देणे. दुसरी चिवटपणा, म्हणजे अचानक घाव बसला तरी न तुटणे. पाणी दिलेले हायस्पीड स्टील, कोबाल्टने सांधलेले टंगस्टन कार्बाइड, अ‍ॅल्युमिनाचे सिरॅमिक आणि सर्वांत शेवटी हिरा, या क्रमाने काठिण्य चढत जाते आणि ढोबळ मानाने चिवटपणा उतरत जातो. काठिण्य मोजणे तुलनेने सोपे आहे. ठरावीक भाराने हिऱ्याचे टोक दाबायचे, उमटलेला खळगा मोजायचा. एवढे करूनही वस्तू कामाची राहते. चिवटपणाची गोष्ट वेगळी. घाव सोसण्याची ताकद कळायची तर घाव घालावा लागतो, तोही तुटेपर्यंत. मिळालेले ज्ञान असते तुटलेल्या नमुन्याचे, आणि ते लावायचे असते न तुटलेल्या हत्याराला. ज्या हत्याराविषयी विधान करायचे त्याच्यावर तो घाव कधीच बसलेला नसतो. मग ‘या पंचात अमुक इतका आघात सोसण्याची ताकद आहे’ या विधानातील ‘आहे’ कशाच्या आधारावर उभे असते? वरवर चाचणीयंत्राच्या वापराचा वाटणारा हा प्रश्न मुळात सत्ताशास्त्राचा, म्हणजे काय अस्तित्वात आहे हे ठरवणाऱ्या शास्त्राचा आहे.

आघात आणि साधा दाब यांत फरक करण्याची गरज भारतीय दर्शनांत फार पूर्वी ओळखली गेली होती. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात कर्माचा, म्हणजे हालचालीचा विचार येतो आणि त्यात उखळ-मुसळाचे उदाहरण आहे. मुसळ हाताच्या संयोगाने आणि प्रयत्नाने उचलले जाते. पण उखळावर आदळल्यावर ते जे उसळते, त्या उसळीचे कारण हात नव्हे, अभिघात होय. वैशेषिक मताच्या प्रशस्तपादाच्या भाष्यात नोदन आणि अभिघात असे संयोगाचे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. नोदनात ढकलणारी आणि ढकलली जाणारी वस्तू लगटून राहतात. अभिघातात आदळलेल्या वस्तू एकमेकींपासून विलग होतात. म्हणजे वैशेषिकांच्या लेखी आघात हा मोठ्या प्रमाणावरचा दाब नव्हे. तो संयोगाचाच निराळा प्रकार आहे. दाब हळूहळू वाढवत नेऊन आघाताचे उत्तर मिळवता येईल, असे त्यात गृहीत धरलेले नाही, आणि हे शहाणपण पुढच्या यंत्रशास्त्राला बऱ्याच ठेचा खाऊन मिळवावे लागले. मात्र वैशेषिकांचा रोख घटनेवर आहे. मुसळ उसळले ते का, हा त्यांचा प्रश्न. चाचणी करणाऱ्याला घटनेपेक्षा वस्तूच्या अंगच्या गुणात रस असतो, आणि अडचण तिथून सुरू होते.

ही अडचण सर्वांत टोकदार रूपात मांडली ती अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने एक हिरा कल्पिला. हा हिरा मऊ कापसाच्या उशीत तयार झाला, तिथेच राहिला आणि शेवटी तिथेच जळून गेला. त्याला कोणी दाबले नाही, त्यावर कशाचा ओरखडा काढून पाहिला नाही. तो कठीण होता का? पर्सच्या फलवादानुसार एखाद्या कल्पनेचा अर्थ तिच्या व्यवहारात दिसू शकणाऱ्या परिणामांत सामावलेला असतो. इथे परिणाम कधी दिसलेच नाहीत. तेव्हा पर्सने दिलेले उत्तर असे: त्या हिऱ्याला कठीण म्हणावे की मऊ, हा वस्तुस्थितीचा प्रश्नच नाही, भाषेची मांडणी कशी करायची एवढाच तो प्रश्न आहे. सत्तावीस वर्षांनी, १९०५ मध्ये, पर्सने हे उत्तर मागे घेतले. त्याचे नवे म्हणणे असे की ‘दाबला असता तर ओरखडा उमटला नसता’ ही गोष्ट खरी आहे, प्रत्यक्षात कोणी दाबले नसले तरी; जगात घडलेल्या घटनांखेरीज खऱ्या शक्यताही असतात.

पर्स हा केवळ आरामखुर्चीतला तत्त्वज्ञ नव्हता, ही बाब या विषयात महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात तो सुमारे तीस वर्षे नोकरीला होता आणि लंबक झुलवून निरनिराळ्या ठिकाणचे गुरुत्व मोजणे हे त्याचे काम होते. लंबक झुलताना तो ज्या तिवईवर टांगलेला असतो ती तिवईही किंचित वाकते, आणि त्यामुळे मोजमाप बिघडते, हे त्याने १८७७ च्या सुमारास युरोपातील भूमापन शास्त्रज्ञांपुढे सप्रमाण मांडले. मोजणारे साधन मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत मिसळते, हा त्याचा हाताने घेतलेला अनुभव होता. आघात चाचणीचे सर्वांत प्रसिद्ध यंत्रही लंबकच आहे, आणि तिथेही हीच गफलत होते.

हे यंत्र फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी याच्या नावाने ओळखले जाते. त्याने ती पद्धत १९०१ मध्ये मांडली. त्याआधी १८९८ साली अमेरिकेत रसेल याने लंबकाचे यंत्र वापरले होते आणि १९०३ मध्ये इंग्लंडच्या आयझॉडने नमुना उभा पकडण्याची आवृत्ती पुढे आणली. तत्त्व साधे आहे. जड हातोडा ठरावीक उंचीवरून सोडायचा, त्याने वाटेतला नमुना तोडायचा आणि पलीकडे तो किती उंच चढला ते पाहायचे. दोन्ही उंचींतल्या फरकावरून जी ऊर्जा खर्ची पडली ती नमुन्याने ‘शोषली’ असे मानायचे. साध्या पोलादाचा नमुना १० × १० × ५५ मिलिमीटरचा, मधोमध २ मिलिमीटर खोल खाच असलेला. असे पोलाद शंभरावर ज्यूल सहज खाऊन टाकते. ते वाकते, ताणले जाते आणि मगच तुटते. यंत्राचा काटा जे दाखवतो ते मुख्यतः नमुन्यातच घडलेले असते.

पाणी दिलेल्या हत्यारी पोलादावर हीच खाच ठेवली तर आकडे इतके लहान येतात की एका प्रतीचे पोलाद दुसरीपासून वेगळे काढता येत नाही. म्हणून तिथे अर्धा इंच त्रिज्येची उथळ खाच ठेवतात किंवा खाच पाडतच नाहीत. इथे एक निर्णय नकळत घेतला जातो. टोकदार खाचेचा नमुना विचारतो, ‘चीर आधीच असेल तर ती पुढे जाईल का?’ बिनखाचेचा नमुना विचारतो, ‘चीर सुरूच होईल का?’ उत्तर दोन्हीकडे ज्यूलमध्येच मिळते, पण प्रश्न दोन आहेत. डाय बनवणाऱ्याला यांपैकी कोणता प्रश्न विचारायचा आहे हे यंत्राला ठाऊक नसते.

कार्बाइडपाशी ही चाचणी जवळजवळ कोसळते. थोडा हिशेब केला तर ते दिसते. वरच्याच मापाचा कार्बाइडचा तुकडा सुमारे ८० ग्रॅम भरतो. हातोडा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने येतो. तुटलेले दोन तुकडे त्याच वेगाने उडाले असे धरले, तर त्यांना उडवण्यातच एक ज्यूल ऊर्जा जाते. उलट, भंगाचा नवा पृष्ठभाग तयार करायला किती ऊर्जा लागते ते कार्बाइडच्या भंग-चिवटपणावरून काढता येते. मध्यम प्रतीच्या कार्बाइडसाठी ती दर चौरस मीटरला २४० ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर छेदाला ज्यूलचा चाळिसावा हिस्सा. तुकडे भिरकावण्याचा खर्च त्यांना तोडण्याच्या खर्चाच्या चाळीसपट. शिवाय बिनखाचेचा नमुना तुटण्याआधी किंचित वाकतो आणि त्यात स्प्रिंगसारखी एक-दोन ज्यूल ऊर्जा साठते. तुटल्यावर ती थरथर, आवाज आणि तुकड्यांचा वेग यांत निघून जाते. यंत्राच्या चौकटीला बसलेले हादरे वेगळेच. पर्सची तिवई इथे पुन्हा हजर होते. काट्याने दाखवलेला आकडा खोटा नसतो. फक्त तो ज्याच्या नावावर लिहिला जातो, त्या चिवटपणाचा त्यातला वाटा नगण्य असतो.

ऊर्जा हेच आघाताचे खरे माप आहे, ही समजूत शार्पीच्या यंत्राच्या तीस वर्षे आधीच डळमळीत झालेली होती. १८७२ साली इंग्लिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने लोखंडी तारेवर प्रयोग केले. तार वरून टांगायची, तिच्यावर सरकत खाली येणारे वजन तळाच्या अडणीवर आदळू द्यायचे आणि तार कधी तुटते ते पाहायचे. अपेक्षा अशी की दुप्पट वजन निम्म्या उंचीवरून पडले तरी परिणाम तोच व्हावा, कारण ऊर्जा तेवढीच. तसे घडले नाही. वजन किती यापेक्षा ते किती उंचीवरून पडले, म्हणजे किती वेगाने आदळले, यावर तुटणे अवलंबून निघाले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की तार अनेकदा घाव बसला तिथे न तुटता वरच्या, जखडलेल्या टोकाशी तुटली. स्पष्टीकरण लाटेत आहे. घावाच्या क्षणी तारेच्या इतर भागांना घावाची खबरच नसते. प्रतिबलाची लाट पोलादात सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने वर जाते, पक्क्या टोकावर आपटून परतते आणि तिथे दुप्पट होते. लाटेच्या अग्रभागाची तीव्रता आदळण्याच्या वेगावर ठरते, आदळणाऱ्याच्या वजनावर नव्हे.

या प्रयोगाने काळ हा एक नवा घटक आणून बसवला. हळू भाराखाली वस्तू एकसंध असते. तिचा प्रत्येक भाग इतर सर्वांशी समतोलात असतो. घावाखाली ती काही काळ एक वस्तू राहतच नाही: एका टोकाला मरणप्राय ताण आणि दुसरे टोक निवांत. ‘वस्तूने घाव सोसला’ या वाक्यातील कर्ता त्या क्षणी संपूर्ण वस्तू नसतो. नोदन आणि अभिघात हे प्रकारानेच भिन्न आहेत या वैशेषिकांच्या म्हणण्याला इथे अनपेक्षित दुजोरा मिळतो. अर्थात त्यांच्याजवळ लाटेची कल्पना या रूपात होती असे म्हणण्याचे कारण नाही.

जॉनचा मुलगा बर्ट्रम हॉपकिन्सन याने १९१४ मध्ये लांब सळईतून जाणाऱ्या लाटेवरून स्फोटाचा आणि गोळीच्या आघाताचा दाब मोजला. १९४९ साली हर्बर्ट कोल्स्की याने सळई दोन भागांत विभागून मध्ये नमुना ठेवण्याची रचना सिद्ध केली. आज उच्च वेगाच्या चाचणीचा तोच पाया आहे. पहिल्या सळईवर घाव घातला की लाट नमुन्यापाशी येते. काही भाग परत फिरतो, काही नमुन्यातून दुसऱ्या सळईत जातो. सळयांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज दोन्ही लाटा टिपतात. पुढे गेलेल्या लाटेवरून नमुन्यातील प्रतिबल आणि परतलेल्या लाटेवरून त्याच्या विकृतीचा वेग निघतो. नमुन्याला स्पर्श न करता, त्याने शेजाऱ्यांना काय सांगितले यावरून त्याची अवस्था ओळखायची, अशी ही अनुमानाची रीत आहे.

अनुमानाला व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला साहचर्याचा नियम, लागते; इथली व्याप्ती अशी की नमुन्याच्या दोन्ही टोकांवरचे बल सारखे झालेले आहे. मऊ धातूत हे सहज साधते. कार्बाइड किंवा सिरॅमिक एक टक्काही आखडण्याआधी फुटू शकते. ४ मिलिमीटरचा कार्बाइडचा नमुना लाट मायक्रोसेकंदाहून कमी वेळात ओलांडते, पण दोन्ही टोकांत समतोल यायला तिच्या अनेक येरझाऱ्या व्हाव्या लागतात. लाट फार उभी चढली तर नमुना समतोलाआधीच फुटतो आणि आलेला आकडा कशाचाच नसतो. म्हणून घावाच्या तोंडाशी तांब्याची पातळ चकती ठेवून लाटेची चढण मंद करतात. म्हणजे ठिसूळ पदार्थावरच्या आघाताचा अभ्यास करायला आघात थोडा सौम्य करावा लागतो! आणखी एक अडचण कठीण पदार्थांपुरतीच आहे. नमुना सळईपेक्षा कठीण असेल तर तो सळईतच रुतेल. तो रुतू नये म्हणून मध्ये कठीण चकत्या घालतात, आणि त्या बहुधा टंगस्टन कार्बाइडच्याच असतात. परीक्षेला बसलेला पदार्थच कार्बाइड असेल तर परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच प्रतीचे होतात, आणि कोण कोणाला मोजतो आहे हे सांगणे अवघड जाते. नमुना मध्ये बारीक आणि टोकांना जाड करून यातून वाट काढावी लागते.

एवढ्या पद्धती, प्रत्येकीचा आकडा निराळा आणि कित्येकदा पदार्थांची लावलेली क्रमवारीही निराळी. मग चिवटपणा एक की अनेक? ‘अनेक’ असे निःसंकोच उत्तर देणारा विचारवंत पर्सी ब्रिजमन. १९२७ च्या ‘द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या ग्रंथात त्याने सांगितले की कोणतीही भौतिक संकल्पना म्हणजे तिच्या मापनाच्या क्रियांचा संच, त्यापलीकडे काही नाही. पट्टीने मोजलेली लांबी आणि प्रकाशाने मोजलेली लांबी या काटेकोरपणे पाहता दोन संकल्पना आहेत. हा विचार मांडणारा माणूस अतिउच्च दाबाच्या संशोधनासाठी १९४६ चे नोबेल मिळवणार होता, आणि त्याच्या दाबयंत्रांतील दट्टे कोबाल्टने सांधलेल्या टंगस्टन कार्बाइडचे होते. जर्मनीत ऑसराम कंपनीच्या कार्ल श्रोटर याने १९२३ मध्ये पेटंट घेतलेला आणि क्रुपने ‘विडिया’ या नावाने बाजारात आणलेला तोच हा पदार्थ; मराठी मुलखातल्या वर्कशॉपांत आजही कार्बाइडच्या टिपेला विडियाच म्हणतात.

ब्रिजमनच्या मताला इथे बळकटी आहे, हे मान्य करायला हवे. खाचेचा शार्पी, बिनखाचेचा शार्पी आणि कोल्स्कीची सळई यांच्या आकड्यांचे एकमेकांत रूपांतर करणारे सूत्र नाही. तरी त्याचे मत पूर्णपणे स्वीकारता येत नाही, आणि कारण चाचणीच्याच इतिहासात आहे. कार्बाइडवरचा शार्पीचा आकडा तुकड्यांच्या वेगाने बिघडतो, असे म्हणताच ‘कशाच्या तुलनेत बिघडतो?’ हा प्रश्न येतो. संकल्पना म्हणजेच क्रिया असेल तर क्रिया कधीच चुकू शकत नाही. तिवईचे वाकणे हाही मग लंबकाच्या व्याख्येचा भाग ठरेल. चाचणी सुधारता येते, दुरुस्त करता येते, एखादी निकामी ठरवता येते, याचा अर्थ चाचणी ज्याकडे बोट दाखवते असे काहीतरी तिच्याबाहेर आहे. पर्सचे दुसरे उत्तर इथे पहिल्यापेक्षा सरस ठरते.

ते ‘काहीतरी’ कोणत्या प्रकारचे, यावर भारतात दीर्घ वाद झाला आहे. मीमांसक म्हणत की अग्नीत जाळण्याची शक्ती नावाचा एक स्वतंत्र, अतींद्रिय पदार्थ असतो. त्यांचा आधार असा: विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, मणी दूर करताच जाळतो. अग्नी तर दोन्ही वेळा तोच दिसतो, म्हणजे जे दबले आणि परत आले ते अग्नीहून वेगळे असले पाहिजे. नैयायिकांनी ही शक्ती नाकारली. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडलेली भूमिका अशी की दाहाला अग्नीबरोबर प्रतिबंधकाचा अभावही कारण असतो, मणी असताना कारणसामग्रीच अपुरी राहते, त्यासाठी अदृश्य शक्ती मानण्याची गरज नाही.

हत्यारांच्या जगात असे मणी जागोजाग आहेत. कार्बाइडच्या टिपेची धार टोकदार ठेवली तर खंडित, म्हणजे मधे मधे सुटणाऱ्या, कापात टवका उडतो. त्याच टिपेच्या कडेला केसाएवढी उतरती पट्टी घासली तर उडत नाही. पदार्थ तोच, त्याचा ठिसूळपणाही तोच, पण प्रकट होत नाही. इथे नैयायिकांची मांडणी अधिक कामाची आहे, कारण ती कारागिराला सांगते की पदार्थाची जात बदलण्याआधी कारणसामग्री तपासावी: धारेचा कोन, पकड, उष्णता, घावाची दिशा.

मात्र एक प्रकार दोन्ही पक्षांच्या उदाहरणांत बसत नाही. तत्त्वज्ञ सी. बी. मार्टिन याने १९९४ मध्ये एक काल्पनिक यंत्र रचले, जे तारेला स्पर्श होण्याच्या क्षणीच तिचा विद्युत्‌-गुण बदलून टाकते. ‘स्पर्श केला असता तर असे झाले असते’ या वाक्यावरून त्या गुणाची व्याख्या करता येत नाही हे त्याला दाखवायचे होते, कारण परीक्षा घेतानाच गुण बदलतो. तत्त्वज्ञांना हे उदाहरण कृत्रिम वाटले असेल; पदार्थशास्त्राने ते आधीच प्रत्यक्षात आणले होते. १९७५ साली गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी दाखवले की योग्य प्रकारे घडवलेल्या झिर्कोनियात चीर पुढे येऊ लागली की तिच्या टोकाशी असलेल्या कणांची स्फटिकरचना बदलते, कण फुगतात आणि चीर आवळली जाते. चीर येईपर्यंत तो चिवटपणा त्या रूपात तिथे नसतो. चीरच त्याला बोलावते. अ‍ॅल्युमिनाच्या हत्यारांत झिर्कोनिया मिसळतात ते याचसाठी. पाणी दिलेल्या पोलादात उरलेले ऑस्टेनाइटही घावाने मार्टेन्साइटमध्ये बदलू शकते. म्हणूनच एकदा घाव सोसलेला नमुना पुन्हा चाचणीला वापरत नाहीत: तो आता दुसराच नमुना झालेला असतो. प्रत्येक नमुन्याला एकच प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही ‘तुटला’ किंवा ‘नाही तुटला’ एवढेच असू शकते.

मग एका नमुन्यावरून दुसऱ्याबद्दल काय म्हणता येते? अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वरील त्याच्याच ‘दीपिका’ टीकेत याच जातीचे उदाहरण आहे. पृथ्वीतत्त्वाच्या वस्तूंवर लोखंडाने ओरखडा काढता येतो, हे शेकडो वेळा पाहिलेले असते; तरी हिऱ्यापाशी नियम मोडतो. नुसत्या वारंवार दर्शनाने व्याप्ती सिद्ध होत नाही, व्यभिचाराचे, म्हणजे नियम मोडल्याचे, ज्ञान नसणेही लागते, असा त्याचा निष्कर्ष. काठिण्याची चाचणी आणि अनुमानाचा पाया या दोन गोष्टी एकाच उदाहरणात आणणारे हे स्थळ पर्सच्या हिऱ्याशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. एक हिरा नियम मोडतो. दुसऱ्यावर नियमाची परीक्षाच झालेली नाही.

ठिसूळ पदार्थात व्यभिचार हा अपवाद नसून रोजचा भाग आहे. स्वीडनच्या वालोडी वाइबुल याने १९३९ मध्ये त्याची सांख्यिकी मांडली. तुकड्याचे बल त्यातल्या सरासरी भागावर नव्हे, सर्वांत वाईट दोषावर ठरते, जशी साखळी सर्वांत कच्च्या कडीवर तुटते. त्यामुळे मोठ्या तुकड्यात वाईट दोष सापडण्याची शक्यता जास्त. बलांची विखुरण किती हे सांगणारा वाइबुलचा घातांक १० धरला तर दहापट आकारमानाच्या तुकड्याचे बल सुमारे एकपंचमांशाने कमी भरते, पदार्थ तोच असूनही. इथे ‘अमुक घावाला शंभरातले पाच तुटतील’ असे म्हणता येते; पण हाती असलेल्या एका पंचाबद्दल ‘पाच टक्के’ म्हणजे काय? तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने १९५० च्या दशकात याला प्रवृत्ती असे नाव दिले आणि ती वस्तूची नसून संपूर्ण मांडणीची असते असे प्रतिपादले. आघाताच्या बाबतीत हे मत पटण्यासारखे आहे. चिवटपणा खरा आहे, पण तो नमुन्याच्या पोटात ठेवलेला आकडा नाही. पदार्थ, आकार, दोष, घावाचा वेग आणि आधार यांच्या मांडणीत तो वसतो.

कारखान्यातली चाचणी या भूमिकेच्या सर्वांत जवळ जाते. लेथवर गोल सळईला लांबीभर खाचा पाडून ती कातायची. दर फेऱ्यात प्रत्येक खाचेपाशी टिपेला एकेक घाव बसतो. चार खाचा आणि मिनिटाला ५०० फेरे असतील तर मिनिटाला २,००० घाव. टवका उडेपर्यंत किती झाले ते मोजायचे. भौतिकशास्त्रज्ञाला ही चाचणी गबाळी वाटते, कारण तिच्यात घाव, उष्णता आणि झीज सारे एकत्र येते. पण तिने एक मोठी समजूत उलटी केली. टिप धातूत शिरताना आदळते तेव्हाच उडत असणार, असे सगळे धरून चालत होते. १९७८ मध्ये नेदरलँड्सच्या पेकेलहारिंग याने दाखवले की कित्येकदा ती बाहेर पडताना उडते: कापाच्या शेवटी समोरचा धातू आधार सोडतो, कापण्याची दिशा खाली वळते आणि धारेत अचानक ताण निर्माण होतो. आघात म्हणून जे मोजले जात होते त्यातला घातक भाग घाव नसून घावाचा आधार जाणे हा निघाला. वस्तूला यंत्रातून आणि कामातून वेगळी काढून केलेल्या कोणत्याही चाचणीत हे दिसले नसते.

कार्बाइडच्या प्रतींची आंतरराष्ट्रीय वर्गवारी, आयएसओ ५१३, याच वस्तुस्थितीला धरून बेतलेली आहे. पोलाद कापायच्या प्रती ‘पी’ गटात, बिडाच्या ‘के’ गटात. पी०१ पासून पी५० पर्यंत अंक चढत जातो तसा चिवटपणा वाढतो आणि झीज सोसण्याची ताकद घटते. पण हा अंक कोणत्याही यंत्रावर मोजलेला नसतो. तो कामाचे नाव सांगतो, आणि कोणती प्रत कोणत्या अंकाखाली घालायची हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवतो. म्हणून दोन कंपन्यांच्या पी२५ टिपा एकाच कामात वेगळ्या वागू शकतात. प्रतीच्या माहितीपत्रकात काठिण्य, घनता आणि वाकवून मोजलेले बल हे आकडे छापलेले असतात, हल्ली विकर्सच्या काठिण्यचाचणीत उमटलेल्या खळग्याच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या चिरांवरून, पाल्मक्विस्टच्या पद्धतीने, काढलेला भंग-चिवटपणाही असतो. तोही हळू भाराखालचा असतो. आघातबळाचा रकाना तिथे सहसा नसतो.